दाद कोठे मागायची?
बिजौलीच्या मजुराचा प्रश्न आणि मोफत कायदेविषयक साहाय्य

झाशी शहरातून ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिजौली लागते. औद्योगिक वसाहतीमुळे हे नाव झाशीबाहेरही थोडेफार परिचित आहे. परंतु भोवतालच्या बुंदेलखंडाची खरी ओळख कारखान्यांच्या धुराड्यांवरून होत नाही. ती होते रेल्वेच्या फलाटावर. खडकाळ जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि तुटपुंजी धारणक्षेत्रे ह्यांमुळे येथील शेतमजूर आणि गरीब शेतकरी पेरणी-कापणी आटोपली की दिल्ली, गुजरात, महाराष्ट्र अशा वाटा धरतात. मुंबई-दिल्ली मध्य मार्गावरील झाशी स्थानक त्यांना रोज घेऊन जाते आणि रोज परत आणून सोडते.

परत आलेल्या अशा एका मजुराचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका बांधकामावर त्याने चार महिने विटा-वाळू वाहिली. दोन महिन्यांची मजुरी हाती आली, दोन महिन्यांची राहिली. “गावी जा, पाठवून देतो,” असे ठेकेदार म्हणाला. आता ठेकेदाराचा फोन लागत नाही. कोणी जाणकाराने सांगितले म्हणून हा मजूर झाशीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जातो. वकील फुकट मिळण्याचा त्याला हक्क आहे आणि कार्यालयातील माणूस तो नाकारीतही नाही. तो फक्त एक प्रश्न विचारतो, “काम कोठे केलेत?” मजूर सांगतो, “पुण्यात.” उत्तर येते, “मग दावाही पुण्यातच करावा लागेल.”

येथे कोणी लाच मागितलेली नाही, कोणी हाकलून दिलेले नाही. कायद्याप्रमाणे सर्व काही बरोबर झाले आहे. आणि तरीही त्या माणसाची दोन महिन्यांची मजुरी बुडाली आहे. वकील फुकट असला तरी पुणे फुकट नाही. तिकीट, राहणे, खाणे आणि प्रत्येक तारखेला बुडणारी रोजी ह्यांचा हिशेब केला तर दाव्याचा खर्च दाव्याच्या रकमेपेक्षा मोठा होतो. ठेकेदाराला हा हिशेब चांगला ठाऊक असतो. “पाठवून देतो” ह्या दोन शब्दांच्या मागे तोच हिशेब असतो.

मोफत कायदेविषयक साहाय्याची चर्चा आपल्याकडे बहुधा वकिलापाशी सुरू होते आणि वकिलापाशीच संपते. परगावी जाऊन पोट भरणाऱ्या श्रमिकांच्या बाबतीत मूळ प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि तो म्हणजे दाद कोठे मागायची? जोपर्यंत कायदा ह्या प्रश्नाचे उत्तर “मालकाच्या जिल्ह्यात” असे देतो, तोपर्यंत फुकटचा वकील ही अर्धीच मदत राहील.

हा हक्क आहे, दान नव्हे

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की मोफत कायदेविषयक साहाय्य ही सरकारची मेहेरबानी नाही. मुंबईत १९२४ साली लीगल एड सोसायटी स्थापन झाली तेव्हा ते काम सेवाभावाचे होते. १९४९ साली तत्कालीन मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखाली ह्या विषयावर समिती नेमली. त्यानंतर अहवाल येत राहिले आणि कपाटात जात राहिले. १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्या समितीने आणि १९७७ साली न्यायमूर्ती पी. एन. भगवती ह्यांच्या समितीने वकील पुरविण्याच्या पलीकडे जाऊन गरिबांच्या वस्तीत कायदा नेण्याची भाषा केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घातला गेला आणि आर्थिक दुर्बलतेमुळे कोणासही न्याय नाकारला जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर आली. ज्या आणीबाणीतल्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या हक्कांवर इतका घाला घातला, तिच्याच पोटात हा अनुच्छेद होता, ही इतिहासाची विसंगती नोंदवून ठेवावी.

मार्गदर्शक तत्त्व कागदावर राहिले असते. ते जिवंत झाले तुरुंगातून. महाराष्ट्रातल्या होस्कोट खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि अपिलासाठी वकील मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचा भाग आहे. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीपेक्षाही अधिक काळ खितपत पडलेले कच्चे कैदी देशासमोर आले. १९८१ साली भागलपूरच्या डोळे फोडलेल्या कैद्यांच्या प्रकरणात न्यायालयाने बजावले की पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. १९८३ साली मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्री-कैद्यांचा प्रश्न पत्रकार शीला बरसे ह्यांनी एका पत्राद्वारे न्यायालयापुढे नेला. १९८६ साली सुकदास प्रकरणात तर, आरोपीला मोफत वकिलाचा हक्क आहे हे त्याला सांगितलेच नाही एवढ्या कारणावरून शिक्षा रद्द झाली.

ह्या निकालांच्या आणि जनमताच्या रेट्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला; तो प्रत्यक्ष अंमलात यायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ हा दिवस उजाडावा लागला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया, मुले, अपंग, वेठबिगारीचे बळी, दुष्काळ-पूर-भूकंप अशा आपत्तींत सापडलेले, कोठडीत असलेले आणि औद्योगिक कामगार ह्यांना मिळकत न पाहता मोफत साहाय्य मिळते. इतरांच्या बाबतीत राज्याने ठरविलेली उत्पन्नमर्यादा लागते. महाराष्ट्रात ती वार्षिक ३ लाख रुपये आहे. उत्पन्नाबद्दल अर्जदाराचे शपथपत्र पुरेसे मानता येते. तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवून दाखला आणल्याखेरीज अर्ज घेणार नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याला हे कलम दाखविणे हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे.

म्हणजे हक्क आहे, कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरण आहे, १५१०० हा मदतीचा दूरध्वनी आहे. हे सर्व निरर्थक आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. तुरुंगातील माणसाला त्याचा आधार झालेला आहे. बिजौलीच्या मजुरापर्यंत पोहोचताना मात्र तोच कायदा जिल्ह्याच्या सीमेवर अडखळतो.

ग्राहकाला एक न्याय, श्रमिकाला दुसरा

कोणी म्हणेल की दावा जेथे कारण घडले तेथेच चालणार. हा कायद्याचा जुना नियम आहे, त्यात वर्गीय अन्याय तो कोठला? ह्या युक्तिवादाचे उत्तर कायद्याच्याच पुस्तकात आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. झाशीतल्या एखाद्या गृहस्थाने पुण्याच्या कंपनीचा शीतकपाट विकत घेतला आणि तो बिघडला, तर कंपनीने झाशीला यावे असे कायदा म्हणतो. मोटार अपघाताचा भरपाईचा दावाही १९९४ च्या दुरुस्तीपासून दावेदाराला आपल्या राहत्या ठिकाणी करता येतो. आणि सर्वांत बोलके उदाहरण कामगारांच्याच कायद्यातले आहे. कामावर अपघात झाला, मृत्यू झाला, तर नुकसानभरपाईचा दावा कामगार किंवा त्याचे वारस जेथे राहतात तेथे करता येईल, अशी दुरुस्ती १९९५ साली १९२३ च्या भरपाई कायद्यात झाली. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असला, तरी ही तरतूद कायम आहे.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. पुण्याच्या बांधकामावरून पडून बिजौलीचा मजूर मेला, तर त्याच्या विधवेला झाशीत दाद मागता येते. तोच मजूर जिवंत परत आला आणि आपली घामाची मजुरी मागू लागला, तर त्याला पुण्याची वाट दाखविली जाते. वस्तू विकत घेणारा आपल्या दारी न्याय मागू शकतो. आपली श्रमशक्ती विकणारा मागू शकत नाही. जो नियम ग्राहकासाठी, अपघातग्रस्तासाठी आणि मृताच्या वारसासाठी वाकविता आला, तो मजुरीसाठी वाकविता येत नाही, ह्याला कायद्याची अडचण म्हणता येणार नाही. तेथे इच्छाशक्तीचा अभाव आहे, आणि तो अभाव कोणाच्या सोयीचा आहे हे सांगावयास नको.

जो दरवाजा किलकिला होता, तोही गेला

हा प्रश्न कधीच कोणाच्या लक्षात आला नव्हता असेही नाही. ओरिसातील ‘दादन’ मजुरांच्या हालअपेष्टांवरून देशभर ओरड झाल्यानंतर १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा करण्यात आला. ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, मासिक मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता अशा तरतुदी त्यात होत्या. आणि त्यात आणखी एक कलम होते, ज्याची चर्चा फार थोड्यांनी केली. बाविसाव्या कलमानुसार, काम संपवून मूळ राज्यात परतलेल्या मजुराला आपला औद्योगिक विवाद त्या मूळ राज्यातच उपस्थित करता येत होता.

म्हणजे तत्त्व १९७९ सालीच मान्य झाले होते. परंतु भांडवलदारांच्या राज्यात मान्य झालेल्या तत्त्वाला कुलूपही सोबतच येते. अर्ज परतल्यापासून सहा महिन्यांच्या आत झाला पाहिजे आणि ज्या राज्यात काम झाले त्या राज्य सरकारची संमती मिळाली पाहिजे, अशा अटी होत्या. उत्तर प्रदेश सरकारने महाराष्ट्र सरकारला पत्र लिहावे, महाराष्ट्र सरकारने आपल्या बिल्डरांविरुद्ध संमती द्यावी, आणि हे सर्व एका खडी वाहणाऱ्या मजुरासाठी व्हावे, ही अपेक्षा कलम लिहिणाऱ्यालाही असेल की नाही कोण जाणे. शिवाय हा कायदा ठेकेदारामार्फत गेलेल्या आणि पाच किंवा अधिक मजूर असलेल्या आस्थापनांपुरता होता. ठेकेदाराने नोंदच केली नाही की मजूर कायद्याच्या बाहेर पडत असे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा रद्द झाला. व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वतःहून परराज्यात गेलेल्या मजुराचाही समावेश झाला, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. पण लागू होण्याची मर्यादा पाचावरून दहा मजुरांवर गेली, विस्थापन भत्ता गेला, आणि मूळ राज्यात विवाद उपस्थित करण्याची तरतूद स्थलांतरित कामगारांच्या नव्या कलमांत आढळत नाही. किलकिला होता तो दरवाजाही ‘सुलभीकरणा’च्या नावाखाली भिंतीत गाडला गेला.

वेतन संहितेत मजुराच्या उपयोगाच्या गोष्टी नाहीत असे नाही. दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. पूर्वी ती एक वर्ष होती. मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. बुडविलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देवविता येते. नोंदणीकृत कामगार संघटनाही मजुराच्या वतीने दावा करू शकते. हत्यार चांगले आहे. फक्त ते पुण्यात ठेवले आहे आणि ज्याला ते हवे तो बिजौलीत आहे.

खटल्याची जागा आणि राज्यकर्ते

खटला कोठे चालतो ह्यावर तो कोणाच्या बाजूने लागणार हे पुष्कळदा ठरते, ही गोष्ट राज्यकर्त्यांना नेहमीच ठाऊक होती. झाशीच्या इतिहासात तर ती कोरलेली आहे. १८५४ साली डलहौसीने झाशी खालसा केली तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी प्रथम तलवार उपसली नाही. त्यांनी अर्ज केले, जॉन लँग ह्या वकिलाला पाचारण केले. पण झाशीचा निकाल झाशीत लागणार नव्हता. तो लागणार होता कलकत्त्यात आणि लंडनमध्ये, जेथे वादीही कंपनी होती आणि न्यायाधीशही कंपनीच.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, मार्च १९२९ मध्ये, मुंबई-कलकत्त्याच्या कामगार पुढाऱ्यांना पकडून सरकारने त्यांच्यावर खटला भरला तो मीरतमध्ये. ज्या मुंबईत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला, त्या मुंबईत का नाही? कारण मुंबईत आणि कलकत्त्यात ज्यूरीपुढे खटला चालला असता. मीरतला ज्यूरी टाळता येत होती. आरोपींना त्यांच्या कामगारांपासून, वकिलांपासून आणि साक्षीदारांपासून शेकडो मैल दूर नेणे हा खटल्याचाच एक भाग होता. त्या आरोपींत झाशीचे लक्ष्मणराव कदमही होते, हे मराठी वाचकांनी विशेष आठवावे. त्या वेळी सरकारी विधी सेवा नव्हती. बचाव समिती उभी राहिली, वर्गण्या गोळा झाल्या, देशोदेशीच्या कामगार चळवळीने आवाज उठविला. श्रमिकांनी श्रमिकांना दिलेले कायदेविषयक साहाय्य आपल्या चळवळीला नवे नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्याच प्रश्नाला एकदा स्पष्ट उत्तर मिळालेले आहे. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश ह्या प्रकरणात एका गरीब गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने १० हजार रुपयांचा जामीन मागितला आणि जामीनदार भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी हा भेदभाव फेटाळून लावला आणि गवंड्याला १ हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. जिल्ह्याच्या सीमेपलीकडचा माणूस म्हणजे परका नव्हे, हे तत्त्व ह्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या बाबतीत मान्य केले आहे. मजुरीच्या बाबतीत ते अमान्य का असावे?

२०२० चा धडा

ज्यांना हे सर्व तात्त्विक वाटत असेल त्यांनी मे २०२० आठवावा. टाळेबंदीत मजुरी, रेशन आणि निवारा गमावलेले मजूर महाराष्ट्रातून पायी, सायकलवर, मालमोटारींतून निघाले आणि झाशीजवळ मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशच्या सीमेवर रक्सा येथे अडकून पडले. त्याच महिन्यात, ८ मे रोजी, जालन्याहून गावाकडे निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले.

टाळेबंदीच्या काळातली मजुरी कापू नये असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढला होता. मालकवर्ग त्याविरुद्ध तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ मेपासून तो आदेशच उरला नाही आणि १२ जूनच्या आदेशात न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, मालक-कामगारांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात असे सांगितले. वाटाघाटी कोणी कोणाशी करावयाच्या? मालक दिल्लीत वकिलांसह उभा होता. मजूर रक्साच्या रस्त्यावर पाण्याची बाटली शोधीत होता. स्थलांतरितांच्या हालांची न्यायालयाने २६ मेपासून स्वतःहून दखल घेतली, गाड्यांची, रेशनची, नोंदणीची व्यवस्था करण्याचे आदेश दिले, हे खरे. पण राहिलेल्या मजुरीचे काय झाले, हा प्रश्न ज्या त्या मजुराबरोबर त्याच्या गावी गेला आणि तेथेच मुरून गेला.

काही आक्षेप

पहिला आक्षेप मालकांच्या बाजूने येईल. शंभर जिल्ह्यांतले मजूर ठेवणाऱ्या ठेकेदाराने शंभर जिल्ह्यांत धावावे काय? उत्तर असे की मजूर आणताना त्याला शंभर जिल्हे दूर वाटले नाहीत. आज न्यायालये दूरदृश्य पद्धतीने सुनावणी घेतात. ज्याच्यापाशी कार्यालय, हिशेबनीस आणि वकील आहे त्याने पडद्यासमोर बसावे की रोजंदारीवरच्या माणसाने हजार किलोमीटरचा प्रवास करावा, ह्यात संकोच कसला? आणि मजुरी वेळेवर दिली तर कोठेच धावावे लागत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी वर्तुळातून येतो. लोकअदालत आहे ना, तेथे तडजोड करा. १९८२ साली गुजरातेत उना येथे लोकअदालतीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा हेतू चांगला होता, आणि दोन्ही पक्ष बरोबरीचे असतील तेथे तो उपयोगी आहे. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. २० हजारांचा हक्क असलेला भुकेला मजूर “६ हजार आत्ता घे” ह्या प्रस्तावापुढे किती वेळ तग धरणार? निकाली प्रकरणांच्या आकड्यांनी अहवाल सजतात. मजुराच्या हातात काय पडले ह्याची नोंद त्यांत नसते.

तिसरा आक्षेप आपल्याच काही साथींचा आहे. न्यायालये ही वर्गराज्याची न्यायालये; त्यांच्या पायऱ्या चढण्यात शक्ती का घालवायची? ह्या आक्षेपाचे उत्तर मीरतच्या आरोपींनी आपल्या कृतीने दिले आहे. त्यांनी न्यायालयाबद्दल भ्रम बाळगला नाही, आणि न्यायालय मोकळेही सोडले नाही. कायदेशीर हक्क आपोआप मिळत नाहीत आणि मिळाले तरी टिकत नाहीत. ब्रिटनमध्ये १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने व्यापक कायदेसाहाय्य सुरू केले. २०१२ च्या कायद्याने बहुतेक नोकरीविषयक आणि आश्रयाव्यतिरिक्तची बहुतेक स्थलांतरविषयक प्रकरणे त्यातून वगळली. तेथेही कुऱ्हाड प्रथम पडली ती श्रमिकावर आणि परदेशातून आलेल्यावर.

‘परप्रांतीय’ कोण?

महाराष्ट्रातील काही पुढारी बिजौलीच्या मजुराला ‘परप्रांतीय’ म्हणतात. २००८ साली ह्या शब्दाने रस्त्यावर डोकी फोडली. ह्या पुढाऱ्यांना बीडचा ऊसतोड कामगार दिसत नाही काय? मुकादमाची उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता धरून तो दरवर्षी कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातो. तेथे तोच परप्रांतीय असतो. हिशेबात खोट आली, उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने अडवून ठेवले, बैलगाडीखाली पाय गेला, तर त्यालाही हाच प्रश्न पडतो की दाद कोठे मागायची? बीडमध्ये की बेळगावात? बिजौलीच्या मजुराची मागणी ही बीडच्या मजुराची मागणी आहे. जो महाराष्ट्रात उत्तर भारतीय मजुराच्या हक्काची भिंत पाडील, तोच कर्नाटकात मराठी मजुराच्या हक्काची वाट मोकळी करील.

शिवाय ज्याची मजुरी बिनबोभाट बुडविता येते तो मजूर मालकाला स्वस्त पडतो, आणि त्याच्या स्वस्ताईच्या जोरावर स्थानिक मजुराचा दर पाडला जातो. स्थानिकांच्या रोजगाराची खरी काळजी असणाऱ्याने बाहेरच्या मजुराला हाकलण्यापेक्षा त्याची मजुरी वसूल करून द्यावी. त्याने दोघांचीही मजुरी वाढेल.

मागण्या आणि कामे

ह्यासाठी पुढील मागण्या पुढे आल्या पाहिजेत.

पहिली, वेतन संहितेत दुरुस्ती करून मजुरीचा दावा काम केलेल्या ठिकाणी अथवा मजुराच्या राहत्या जिल्ह्यात, त्याच्या मर्जीप्रमाणे करता यावा. भरपाईच्या कायद्यात जी भाषा १९९५ पासून आहे तीच येथे घालावी. नवे काही शोधावयाचे नाही.

दुसरी, ही दुरुस्ती होईपर्यंत विधी सेवा प्राधिकरणांनी आपसांत जबाबदारी घ्यावी. झाशीत आलेला अर्ज झाशीच्या प्राधिकरणाने पुण्याच्या प्राधिकरणाकडे पाठवावा, पुण्याने वकील नेमावा, मजुराचा जबाब झाशीतूनच दूरदृश्य पद्धतीने व्हावा. देशभर एकाच कायद्याखाली काम करणाऱ्या यंत्रणेला हे अशक्य नाही. असंघटित कामगारांसाठी २०१५ साली राष्ट्रीय प्राधिकरणाने स्वतंत्र योजना केली आहे. तिच्यात हे काम सक्तीचे करावे.

तिसरी, पॅनेलवरील वकिलांचे मानधन वाढवावे, आणि जिल्हा कार्यालयांत मजुरांची भाषा जाणणारी माणसे असावीत. बुंदेली बोलणाऱ्याची तक्रार मराठी कारकुनाला आणि मराठी बोलणाऱ्याची कन्नड कारकुनाला समजली नाही, तर कायदा मुका राहतो.

पण केवळ मागण्या करून भागणार नाही. आपले सभासद देशाच्या दोन्ही टोकांना आहेत, पुण्यातही आणि झाशीतही. जे काम सरकारी यंत्रणा करीत नाही त्याचा आरंभ आपण आजच करू शकतो. कामावर निघणाऱ्या प्रत्येक मजुराला एक साधी वही द्यावी, आणि तीत ठेकेदाराचे व मूळ मालकाचे नाव, कामाच्या जागेचा पत्ता, ठरलेला दर, कामाचे दिवस आणि मिळालेली रक्कम लिहावयास शिकवावे. बांधकामावरच्या फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे. परत आल्यावर मजुरी थकली असेल तर गावच्या शाखेने संघटनेच्या नावाने अधिकारपत्र घ्यावे आणि कामाच्या ठिकाणच्या नोंदणीकृत संघटनेकडे पाठवावे. तिने दावा दाखल करावा. तीन वर्षांची मुदत आहे; ती फुकट जाऊ देऊ नये. १९८३ साली फरिदाबादच्या दगडखाणींतील वेठबिगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रावरून याचिका मानून हाताळला. ते पत्र एका संघटनेने लिहिले होते. पत्र लिहिणारा कोणी असला तर न्यायालयालाही ऐकू येते.

दाव्याची रक्कम लहान असेल. पण ज्या दिवशी पुण्याच्या एखाद्या ठेकेदाराला झाशीतून नोटीस येईल, त्या दिवशी त्याच्या हिशेबातला एक आकडा बदलेल. आज त्याच्या वहीत गावी परतलेला मजूर म्हणजे मिटलेले खाते आहे. ते खाते मिटलेले नाही हे त्याला कळले पाहिजे. राणीचा अर्ज कलकत्त्याला आणि लंडनला गेला आणि तेथेच राहिला. बिजौलीच्या मजुराचा अर्ज झाशीतच घेतला गेला पाहिजे, आणि त्याच्या मागे पुण्यातल्या कामगाराचा हात असला पाहिजे.